काड जाळू नका, युरिया मारून जनावराला घाला

गहू निघाला की काड पेटवून द्यायची सवय सोडा राव, धूर तर होतोच वर चाराही जातो. पण नुसतं कोरडं काड घातलं तर ते पोटात नीट पचत नाही, जनावर ढेकरातून मिथेन हा हवा तापवणारा गॅस सोडत बसतं आणि दूध काय वाढत नाही, म्हणजे दुधाच्या लिटरमागं गॅस जास्तच. त्यावर उपाय सोपाय, १०० किलो काडाला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडायचा, प्रत्येक थर पायानं दाबायचा आणि प्लॅस्टिकनं हवाबंद झाकून २१ दिवस हात लावायचा नाही. भाताच्या पेंढ्यालाही हेच चालतं. उघडलं की अमोनियाचा वास नाकात जातो, म्हणून लागेल तेवढंच काढून तासभर पसरून ठेवा न मगच घाला, सुरुवातीला थोडं थोडं, सोबत हिरवा चारा पाहिजेच. सहा महिन्याखालच्या वासराला अजिबात नको, आणि कच्चं सोयाबीन याच्यासोबत देऊ नका, विषबाधा होऊ शकते. युरियाच्या पाण्याची बादली गोठ्यात तशीच ठेवू नका, तहानलेली म्हैस तोंड घालणारच!