पेटी-तबला घ्यायचाय पण किमतीची धास्ती वाटतेय? मग असं करा

गेल्या महिन्यात ऐरोलीहून एक बाबा मुलाला घेऊन आले. पोरगा आठ वर्षांचा, गळ्यात सूर आहे, आणि बाबांचा दारातच पहिला प्रश्न, "सर, पेटी केवढ्याची घ्यायची? आणि वर्षभरात याने सोडून दिलं तर पैसे पाण्यात ना?" मी ठाण्यात कोलबाडला चौदा वर्षं पेटी शिकवतोय आणि हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतोच. याच्या उलटेही लोक भेटतात, साठ-सत्तर हजाराची पेटी घेतलेली असते पण ओरखडा पडेल म्हणून ती घराबाहेर निघत नाही, मुलांना हात लावू देत नाहीत, शेवटी रियाज स्वस्तातल्या कीबोर्डवर चालतो. मला विचाराल तर किमतीची काळजी जरूर करा, पण दुकानात पैसे देईपर्यंतच. त्यानंतर काळजी वाद्याच्या तब्येतीची करायची, म्हणजे पेटीचा भाता, पुडी (तबल्यावरचं कातडं), तारा, हवा आणि वापर.

आधी हिशोब. नुसती किंमत बघू नका, तासाला किती पडतं ते काढा. समजा ४० हजाराची पेटी घेतली, आठवड्यातून पाच दिवस एकेक तास वाजवली, दहा वर्षं वाजवली, तर २६०० तास झाले, म्हणजे तासाला साधारण १५ रुपये. तेच ८ हजाराचा कीबोर्ड घेतला, तीन महिन्यांत वीस तास वाजवला आणि माळ्यावर टाकला तर तासाला ४०० रुपये. त्या ऐरोलीच्या बाबांना मी हेच कागदावर मांडून दाखवलं आणि म्हटलं, अहो पहिले सहा महिने विकत घेऊच नका, भाड्याने घ्या नाहीतर नातेवाइकांकडे कुणाची पडून असेल ती आणा. आपल्याकडे बऱ्याच घरांत आजोबांची पेटी कपाटावर असते, ती भाता आणि सूर बघून दुरुस्त करून घेतली की पोराला दोन वर्षं सहज पुरते.

दुसरं म्हणजे जास्त किंमत म्हणजे जास्त चांगला आवाज हे डोक्यातून काढा. २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला एक प्रयोग झाला होता, २१ अनुभवी व्हायोलिनवादकांना खोलीत अंधुक उजेडात गॉगल लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली, तीन नवी आणि तीन जुनी इटालियन, त्यात दोन स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे जगात सगळ्यात नावाजलेली व्हायोलिनं. सगळ्यात जास्त आवडलं ते एक नवं व्हायोलिन आणि सगळ्यात कमी आवडलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस, आणि आपल्या हातातलं जुनं की नवं हे बहुतेकांना ओळखता आलं नाही. जिथे किमती कोटींमध्ये आहेत तिथे ही गत, मग आपण १८ हजार आणि २८ हजाराच्या पेटीत फरक पॉलिश बघून का ठरवायचा.

मी स्वतः तेच केलं होतं म्हणून कळकळीने सांगतोय. २०११ साली घाईघाईत एका दुकानातून चकाचक पॉलिशची, स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय) असलेली पेटी घेतली, कारण गणपती तोंडावर होते आणि मंडळाची भजनं होती. दुकानात पंख्याच्या आणि गिऱ्हाइकांच्या आवाजात काही कळलं नाही, घरी रात्री शांततेत लावली तर भाता भरला की कुठूनतरी फुस्स करून हवा जातेय आणि मंद्रातल्या दोन सुरांवर खर्ज आणि नर (जाड आणि मधल्या आवाजाच्या रीड, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी पात्या) एकमेकांशी भांडतायत. दुरुस्तीला गेलेले पैसे धरले तर त्याच्या वरची पेटी आली असती.

त्यामुळे दुकानात जाल तेव्हा दुपारी जा, गर्दी नसताना, आणि पंखा दोन मिनिटं बंद करायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही. स्टॉपर म्हणजे समोरची ओढायची बटणं, त्यातली एकच सूर सतत धरून ठेवणारी बंद ठेवून बाकीची उघडायची, एकही पट्टी दाबायची नाही, भाता भरून हात सोडायचा आणि कान पेटीजवळ नेऊन ऐकायचं. फुसफुस नको, आपोआप वाजणारा सूर तर नकोच. मग एकच सा धरून एका भात्यात किती वेळ टिकतो ते मनात मोजायचं, शेजारची दुसरी पेटी घेऊन तसंच मोजायचं, तुलना केली की फरक लगेच कळतो. मग डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी अगदी हलकी दाबायची, जोरात दाबली की सगळ्याच पेट्या बोलतात, हलक्या भात्यावर जी रीड उशिरा उठते ती पुढे त्रास देणार. सा आणि पंचम एकत्र धरा, आवाज लाटेसारखा भराभर हलत असेल तर सूर लावून द्यायला सांगा आणि लावल्यावर परत ऐका. रीड कुठली ते विचारा, गुजरातमधल्या पालिताण्याच्या रीडचं नाव मोठं आहे, पण नाव सगळेच दुकानदार घेतात म्हणून कानावरच विश्वास ठेवा.

स्केल चेंजरबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, पण शिकणाऱ्याने तो घेऊ नये. किंमत वाढते, आतले हलणारे भाग वाढतात, लोकलने ने-आण केली की तेच आधी ढिले होतात, आणि मुख्य म्हणजे मूल काळी एक, पांढरी चार असे वेगवेगळे सा धरून वाजवायला शिकतच नाही. रोज चार वेगळ्या गायकांना साथ करणारा असेल तर गोष्ट वेगळी.

तबल्याला पैसे कुठे जातात ते समजून घ्या. दायाँचं (उजव्या हाताच्या तबल्याचं) खोड शिसमचं आहे का आणि हातात जड लागतं का, आतून तडा नाही ना, हे बघा, कारण पुडी बदलता येते, खोड बदलता येत नाही. बायाँ, म्हणजे डग्गा, पितळ्याचा की तांब्याचा यात पैशाचा बराच फरक पडतो, नवशिक्याला पितळ्याचा चालतो. पुडीवर शाई (मधला काळा गोल) कडेला उखडतेय का ते नीट बघा, आणि हातोडी घेऊन सगळ्या बाजूंना एकाच सुरात लागतो का ते दुकानदाराकडूनच करून घ्या. सितार-तानपुरा घ्यायचा तर मिरजेला जाऊन या, २०२४ मध्ये तिथल्या सितार आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन (ही त्या गावचीच खासियत असल्याची सरकारी नोंद) मिळालं. तिथे कारागीर जवारी काढताना (तारा टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवताना) समोर बसून बघायला मिळतो आणि कुठे काय पैसे पडतात ते आपसूक कळतं. गिटारला मात्र गिटारएवढंच सेटअपला (तारांची उंची वगैरे जुळवून घेण्याला) महत्त्व द्या, तारा फळीपासून फार उंच असतील तर बोटं दुखून पोरं सोडून देतात आणि आईबाबांना वाटतं आवडच नव्हती.

बजेट ठरवताना सगळे पैसे वाद्यात घालू नका. २० हजार असतील तर १६-१७ चं वाद्य बघा, उरलेल्यात वाद्य ठेवायला चांगली केस किंवा बॅग, आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती बाजूला ठेवा, ती लागतेच.

आता घरी आणल्यावर. आपल्या ठाणे-नवी मुंबईचा खरा शत्रू पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर तबल्याचं कातडं ओल धरतं, सूर उतरतो, मग लोक हातोडीने बदडत बसतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात तेच कातडं ताणून फाटतं. त्यामुळे पावसात जरा खालच्या सुरात वाजवा, वाजवून झालं की कापड घालून बॅगेत ठेवा, उन्हात वाळत घालू नका. पेटीत पट्ट्या फुगून अडकतात, एखादी रीड मुकी होते, बहुतेक वेळा नुसता धुळीचा कण असतो, घोडबंदर रोडला राहणाऱ्यांकडे तर हे फारच. पेटी उघडून पातळ कागदाची पट्टी रीडखालून हलकेच सरकवली की निघतो. सूर मात्र घरी लावू नका. पितळी रीड टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो, प्रत्येक वेळी थोडं पितळ कायमचं जातं, म्हणून उगाच दर सहा महिन्यांनी सूर लावून घेण्याचीही गरज नाही. दुरुस्ती आषाढातच उरकून घ्या, गणपतीच्या आधी पंधरा दिवस कुठलाही पुडीवाला मोकळा नसतो.

आणि कपाटात बंद करून ठेवू नका, हे परत सांगतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी चांगली महागाची पेटी दोन वर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली. उघडली तेव्हा भात्याच्या घड्यांमध्ये पांढरी बुरशी, पट्ट्यांखालची लोकर कसरीने खाल्लेली, आणि वरून पॉलिश अगदी नवं. तिची आई रडायला आली, म्हणाली, "सर, आम्ही जपूनच ठेवली होती हो." रोज वीस मिनिटं भाता हलला असता तर हवा खेळली असती, एवढंच पाहिजे होतं.

बाहेर नेताना हरवण्याची भीती खरी आहे, ती कागदावर उतरवून कमी करा. १९९९ मध्ये यो-यो मा या मोठ्या चेलोवादकाचा १७३३ सालचा, साधारण २५ लाख डॉलरचा चेलो न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीच्या डिकीत राहिला होता. त्यांच्याकडे टॅक्सीची पावती होती, त्यावरून टॅक्सी शोधली आणि त्याच दिवशी चेलो परत मिळाला. म्हणून मी मुलांना सांगतो, रिक्षात बसताना नंबरप्लेटचा फोटो काढायचा, घरच्यांना पाठवायचा. वाद्याचं बिल, चारी बाजूंचे फोटो, आत काही नंबर असेल तर तो, सगळं मोबाइलमध्ये आणि मेलवर ठेवा. घराचा विमा असेल तर वाद्य त्यात वेगळं नोंदवता येतं का आणि घराबाहेर नेल्यावरही धरतात का हे लेखी विचारा. ट्रान्स हार्बरच्या लोकलने पेटी नेत असाल तर लगेजच्या डब्यात जा, पेटी दाराशी ठेवू नका, दोन पायांत धरून उभे राहा.

ऐरोलीच्या त्या पोराने शेवटी त्याच्या आत्याकडची जुनी पेटी आणली, ठाण्यातच भाता बदलून घेतला, दोन सूर लावले, एकूण साडेचार हजार गेले. एका कोपऱ्याचं लाकूड उडालंय, स्टॉपरचं एक बटण नाहीये, त्याच्या जागी त्याने शर्टाचं बटण चिकटवलंय. मागच्या शनिवारी सगळे अलंकार (सरावाचे पलटे) दुप्पट लयीत वाजवून दाखवले.