जपानी धाटणीची बाग, नागपूरचं ऊन: आडोशासाठी फुलझाड कसं निवडाल?

नागपूरजवळच्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर पाहून आलं की आपल्याही अंगणात अशी शांत, हिरवी बाग असावी असं वाटतं. मग नर्सरीत कॅमेलिया नि अझेलियाची चौकशी सुरू होते. जपानी बागेत ती शोभतात, पण त्यांना आम्लधर्मी माती आणि सौम्य हवा लागते. आपल्याकडे चुनखडीची काळी माती आणि मे महिन्यात ४५ अंशांचा पारा. म्हणून आडोशासाठी झाड आशियातलंच घ्या, पण नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सोसणारं.

१. आधी नजर कुठून येते ते बघा
जिथे खुर्ची टाकणार तिथे बसा. रस्त्यावरून दिसत असेल तर कुंपणालगत सहा-सात फुटांचं झुडूप पुरतं. शेजारच्या वरच्या गॅलरीतून दिसत असेल तर झाड कुंपणाकडे न लावता बसण्याच्या जागेजवळ आणा. तिथे कमी उंचीतही आडोसा होतो.

२. झाड ठरवा
माझी पहिली पसंती कामिनीला. बारमाही हिरवी, बारीक चकचकीत पानं, आठ-दहा फुटांपर्यंत वाढ, छाटणी सोसते. पाऊस पडून गेला की पांढऱ्या फुलांनी भरते आणि संध्याकाळी सगळं अंगण दरवळतं. एकच अट, आणि ती नागपूरकरांनी गंभीरपणे घ्यावी: अंगणात किंवा शेजारी संत्र्या-लिंबाची झाडं असतील तर कामिनी नको. संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड कामिनीच्या कोवळ्या पालवीवर वाढते. अशा ठिकाणी तगर लावा. तीही सदाहरित आणि पांढऱ्या फुलांची, फक्त सुगंध कमी.

जास्वंद भराभर वाढते, पण पिठ्या ढेकणावर सतत लक्ष ठेवावं लागतं. कण्हेर उन्हाला दाद देत नाही. मात्र तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, लहान मुलं किंवा गुरं असतील तर टाळा. एक्झोरा आपल्या मातीत पिवळी पडते.

३. रोप पारखून घ्या
खालची पानं बाजूला करून बुंधा बघा. जमिनीलगत तीन-चार फांद्या फुटलेलं बुटकं रोप घ्या. उंच, एकाच काठीचं रोप घेतलं तर खालून सगळं मोकळं दिसतं.

४. लावणी
मे महिन्यात दोन फुटी खड्डे खणून उन्हात तापू द्या. भिंतीपासून अडीच फूट आणि दोन रोपांत तीन फूट अंतर ठेवा. सरळ रांगेऐवजी पुढे-मागे लावलं तर जपानी बागेचा सहजपणा येतो. खणलेल्या मातीत शेणखत आणि वाळू मिसळा. पाऊस लागला की रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंच वरंब्यावर लावा, कारण काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात.

५. पहिलं वर्ष
शेंडे खुडत राहा, म्हणजे झाड खालून भरतं. उन्हाळ्यात बुडाशी तणस किंवा वाळलेला पाला पसरा, सकाळी लवकर पाणी द्या, दुपारी हिरवी जाळी धरा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी घालू नका, त्यात क्षार साचलेले असतात. पुढे छाटताना झुडूप खाली रुंद आणि वर किंचित निमुळतं ठेवा. मग खालच्या फांद्यांनाही ऊन मिळतं आणि आडोसा जमिनीपर्यंत टिकतो.