बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. गेली दहा-अकरा वर्षं माझं बरंचसं काम गरोदर बायका आणि बाळंतिणींसोबत चालतं. या कामात येऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोर्स कोणता करू?’ त्याचं उत्तर लवकर संपतं, म्हणून तेच आधी. मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीएनबी. मानसशास्त्रातलं नुसतं एमए पुरत नाही; क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क आणि सायकिअ‍ॅट्रिक नर्सिंग हे रस्तेही तितकेच भक्कम आहेत. जमलं तर बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतला आई-बाळाचा वॉर्ड पाहून या. २००९पासून तिथे आजारी आईला बाळासकट दाखल करून घेतात. आपल्याकडे अजूनही ‘आई बरी नाही, बाळाला आजीकडे द्या’ असं सहज म्हटलं जातं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी वेगळं करायचं नाही. धोका असेल तरच करायचं, आणि तो निर्णय दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासायचा. हे कलम पाठच असू द्या. वॉर्डात भांडायला उपयोगी पडतं.

बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपण्याची एडिंबरोची प्रश्नावली पहिल्याच आठवड्यात हातात येईल. १९८७ची, दहा प्रश्नांची, गेल्या सात दिवसांबद्दल विचारणारी, एकूण ३० गुणांची. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. बाकीची बेरीज कितीही कमी असो, इथे शून्य सोडून काहीही आलं तर ती बाई त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांपर्यंत पोचली पाहिजे.

पहिल्या वर्षी मी हा प्रश्न एका मुलीला तिच्या सासूबाईंसमोर विचारला. विशीतली मुलगी, दुसरीही मुलगीच झालेली. तिने सासूकडे बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘नाही.’ मी शून्य लिहिलं. नऊ दिवसांनी ती कॅज्युअल्टीत आली, जीव द्यायचा प्रयत्न करून. वाचली. त्या कागदावरचं शून्य माझ्या अक्षरातलं आहे. तेव्हापासून मी सोबतच्या बाईला हळूच सांगते, ‘आजी, तेवढं बाळाचं वजन करून आणता का?’ पाच-सात मिनिटं मिळतात. खरं उत्तर त्यातच येतं.

मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात केलेला अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणं या गोष्टींशी ते जोडलेलं होतं. बऱ्याच जणींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं. म्हणून तपासणीच्या ओपीडीत पाचव्या-सातव्या महिन्यापासूनच बोलायला लागा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेक बाळंतिणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ते ओसरलं नाही तर नैराश्याचा विचार करा. पण ‘थकवा येतो का?’ असं विचारू नका, तो सगळ्यांनाच येतो. विचारा, ‘बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का?’ बाळ शांत झोपलंय, शेजारी तिची आई आहे, शेक-मालीश झालंय, तरी ही आढ्याकडे बघत पडते, तर पुढे नीट तपासा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही.

सगळ्यात घाईचा आजार वेगळा, बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. हजारात एक-दोघींना होतो, बहुधा बारशाच्या आतबाहेर सुरू होतो. दोन-दोन रात्री झोप नाही, बडबड, संशय, ‘हे माझं बाळच नाही.’ घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. ‘तुमचं जे करायचंय ते करा, पण दवाखान्यात आजच चला,’ एवढंच म्हणा. सोबत ताप, फिट किंवा जोराची डोकेदुखी असेल तर आधी फिजिशियनला बोलवा. बाळंतपणात मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊनही असं वागणं दिसू शकतं.

याच्या उलट एक बाई आठवते. तिने स्वयंपाकघरातली विळी माळ्यावर नेऊन ठेवली होती. भाजी चिरायची तर शेजारणीकडे जायची. कारण मनात सारखं येई, ही विळी बाळाला लागेल, माझ्याच हातून. सांगताना ती थरथरत होती आणि बाळाला घट्ट धरून होती. नको असलेले विचार घुसतात आणि त्यांनीच आई हादरते, तो ओसीडी, म्हणजे तेच तेच विचार मनात घुसत राहण्याचा आजार, असू शकतो. ज्या आईला ते विचार खरे आणि योग्य वाटतात तिथे धोका फार मोठा. हा फरक पुस्तकावरून कळत नाही, अनुभवी माणसाशेजारी बसून ऐकावं लागतं. या बाईला ‘वेडी’ म्हणून बाळ काढून घेतलं असतं, तर आपणच तिचं नुकसान केलं असतं. ती औषधं आणि थेरपीने बरी झाली. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची आणि ओसीडीवरची गोळी चालू असताना बहुतेकींना अंगावर पाजता येतं, हेही घरच्यांना तुम्हालाच समजावावं लागेल; नाहीतर गोळी बंद होते किंवा दूध.

आता पाठपुराव्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना झाला, की ओटी भरून पाठवणी होते आणि आपली पेशंट दुसऱ्या तालुक्यात जाते. नेमक्या त्याच वेळी आशाताईची ४२व्या दिवसाची भेट असते आणि बाळाची दीड महिन्याची लसही. आई एक वेळ स्वतःसाठी दवाखान्यात येणार नाही, लसीला मात्र चुकत नाही. म्हणून मी लसीकरणाच्या दिवशी त्या रांगेतच बसते. केसपेपरच्या पहिल्या पानावर माहेर आणि सासर, दोन्हीकडचे नंबर लिहा, दोन्ही गावच्या आशाताईंचेही. ‘१४४१६’ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये तिथेच सेव्ह करून द्या. आणि पाठवणीनंतर दोन-तीन दिवसांत स्वतः फोन करा, दुपारी दोन-अडीचला. सासरी त्याच वेळेला ती मागच्या दारी एकटी असते.