मोंडो ग्रास लावताय? या चुका टाळा

आंब्याच्या सावलीत लॉन धरत नाही म्हणून मोंडो ग्रास आणायचं आणि मग त्याला लॉनसारखंच वागवायचं, ही पहिली चूक. नावात ग्रास असलं तरी हे गवत नाही. शतावरीच्या कुळातली ही जपान-चीनकडची सदाहरित वनस्पती. मुळांना गाठी असतात, वाढ संथ असते.

पुण्या-नाशिकचं एप्रिल-मेमधलं दुपारचं ऊन तिला सोसत नाही. पण पानांची टोकं करपली की दोष दरवेळी उन्हाचा नसतो. फक्त वाफ्याची पश्चिमेची कड करपली असेल तर ऊन. सावलीतलीही टोकं तपकिरी झाली असतील आणि मातीवर पांढरी खार धरली असेल तर बोअरच्या पाण्यातले क्षार तपासा. अशा वेळी शेणखत घालत बसण्यापेक्षा साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

खरा घात करतं ते लव्हाळा हे तण. विकतच्या लाल मातीतून त्याचे गड्डे येतात आणि पानं इतकी सारखी दिसतात की आपणच त्याला पाणी घालून वाढवतो. ओळख सोपी आहे: लव्हाळा आठवड्याभरात मोंडोच्या वर डोकं काढतो, आणि त्याचा तुऱ्याचा दांडा बोटांत फिरवला तर तीन धारा लागतात. वरून उपटलात तर गड्डा खालीच राहतो. महापुराला न डगमगणारा लव्हाळा तुमच्या खुरप्याला काय भिणार! म्हणून लावणीआधी वाफा भिजवून २-३ आठवडे रिकामा ठेवा, उगवेल तो गड्ड्यासकट खणून काढा, आणि हे पुन्हा एकदा करा. कंटाळवाणं काम आहे, पण मोंडोची जाळी झाल्यावर लव्हाळा काढायचा म्हणजे अर्धा वाफा उकरावा लागतो.

काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात. वाळू आणि कंपोस्ट मिसळून वाफा थोडा उंच घ्या. ठोंबाचा गाभा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीच्या पातळीवरच राहू द्या, गाडू नका. अंतर १०-१५ सेंटीमीटर. एक फुटावर लावून सहा महिन्यांत गालिचा मागणाऱ्यांनी दुसरं काहीतरी लावावं. खर्च वाचवायचा असेल तर पिशवीतला दाट ठोंब मुळांसकट सुटा करा, तीन-चार रोपं सहज निघतात.

रोजची ये-जा असेल तिथे मधे फरश्या टाका. मॉवर फिरवू नका. पानं फारच मळकट झाली तर फेब्रुवारीत, नवी पालवी फुटण्याआधी, कात्रीने एकदाच छाटा, गाभा वाचवून.