वळवाच्या आधी: घरच्या सर्व्हरची तयारी

मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. घरचा सर्व्हर सांभाळणाऱ्यानं मात्र त्या तारखेची वाट बघू नये. विजा कडाडतात, फांद्या तारांवर पडतात, लाइट जातात-येतात ते वळवाच्या पावसात, एप्रिल-मेच्या संध्याकाळी. म्हणून ही कामं पाडव्याच्या आसपासच हाती घ्यावीत. कसोटी एकच ठेवायची: घरी कोणी नाही, दुपारी तीनला वीज गेली, सहाला आली, आणि साडेसहाला परगावाहून फोटो उघडायला गेलात तर ते उघडले पाहिजेत.

सर्व्हर म्हणजे इथे कार्यालयातून निघालेला एखादा जुना मिनी पीसी, दोन डिस्क, वर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम, त्यावर डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारी सोय) फोटोंसाठी इमिच, फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड आणि घराच्या डीएनएससाठी, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्यासाठी, पाय-होल. तुमचा संच वेगळा असला तरी कामं फारशी बदलत नाहीत.

कशालाही हात लावण्याआधी बॅकअप. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम अजूनही पुरतो: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. दोन डिस्कचं रेड, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती एकदम लिहिणारी जोडी, हा बॅकअप नव्हे. एका डिस्कवरची फाइल चुकून पुसली, तर दुसरीवरूनही ती त्याच क्षणी जाते, आणि विजेच्या एका झटक्यात दोन्ही डिस्क एकदम जाऊ शकतात. घराबाहेरची प्रत दुसऱ्या शहरातल्या बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवलेली उत्तम. रेस्टिक किंवा बोर्ग हे बॅकअपचे प्रोग्रॅम वापरत असाल तर ती कूटबद्ध ठेवता येते, त्यामुळे ज्याच्या घरी डिस्क आहे त्याच्यावर कसली जबाबदारी येत नाही. मात्र ती प्रत उघडायची किल्ली सर्व्हरवरच ठेवली असेल तर सर्व्हरबरोबर तीही जाईल. ती कागदावर उतरवा. इमिचचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करून भागत नाही, आधी त्याचा डम्प, म्हणजे सगळ्या नोंदींची एका फाइलीतली नक्कल, काढावा लागतो आणि तो बॅकअपमध्ये येतोय ना हे बघावं लागतं. शेवटी, गेल्या दिवाळीचा एक पूर्ण अल्बम बॅकअपमधून लॅपटॉपवर उतरवा आणि फोटो एकेक उघडून पाहा. ‘बॅकअप यशस्वी’ असा रोज येणारा संदेश याची जागा घेऊ शकत नाही.

त्याच आठवड्यात डिस्कची लांब स्मार्ट चाचणी (डिस्क स्वतःच स्वतःला तपासते ती) रात्री लावून झोपावं. चार टीबीच्या डिस्कला सात-आठ तास सहज लागतात. सकाळी क्रमांक ५, १९७ आणि १९८ या खराब जागांच्या नोंदी पाहा. यातली एखादी शून्याच्या वर असेल आणि महिन्याभरात वाढली असेल, तर माझ्या मते डिस्क बदलावी, पावसाळा पार पडायची वाट बघू नये. डिस्कवर झेडएफएस ही फाइलव्यवस्था असेल तर स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणारी फेरी, चालवून घ्या.

आता वीज. इथे सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा. सर्व्हरच्या प्लगचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-तीन व्होल्ट. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. अर्थिंग नसेल तर महागातला सर्ज प्रोटेक्टरही त्याचं काम नीट करू शकत नाही. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत थकते. कागदावर तिच्यात ८४ वॉट-तास असतात. प्रत्यक्षात निम्मे धरावेत. सर्व्हर, राउटर आणि फायबरचा डबा मिळून ४० वॉट खात असतील तर नव्या बॅटरीवर तासभर, जुनीवर कदाचित पाच मिनिटंही नाही. किती टिकते ते घड्याळ लावून बघा. घराला इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का पाहा. साध्या मोडमध्ये बदलाला लागणारा वेळ पंख्याला चालतो, संगणकाला चालेलच असं नाही.

वीज फार वेळ गेली तर सर्व्हरनं आपणहून नीट बंद व्हायला हवं. यूपीएसला यूएसबी असेल तर ‘नट’ हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम हे काम करतो. आपल्याकडच्या स्वस्त यूपीएसना बहुतेक यूएसबी नसते. तिथे एक साधी युक्ती चालते. एखादा जुना राउटर यूपीएसवर न लावता थेट भिंतीच्या प्लगवर लावायचा आणि सर्व्हरनं त्याला दर मिनिटाला पिंग करायचं, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारायचं. पाच मिनिटं उत्तर नाही, म्हणजे वीज नाही, म्हणजे बंद व्हायचं.

खरा पेच यानंतर आहे. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘वीज परत आल्यावर सुरू हो’ अशी सोय असते आणि ती चालू करून आपण निर्धास्त होतो. पण सर्व्हर पाच मिनिटांनी शिस्तीत बंद झाला, यूपीएसमध्ये बॅटरी शिल्लक होती, आणि तेवढ्यात लाइट आले, तर सर्व्हरच्या दृष्टीनं वीज कधी गेलीच नव्हती. तो बंदच राहतो. नटबरोबर चांगला यूपीएस असेल तर तो स्वतःचं आउटपुट तोडून पुन्हा जोडतो आणि प्रश्न सुटतो. नसेल तर घरातल्या एखाद्या रास्पबेरी पायनं (छोटा एका बोर्डाचा संगणक) वेक-ऑन-लॅनचा, म्हणजे नेटवर्कवरून मशीन उठवणारा, संदेश पाठवावा, किंवा बायोसच्या गजरानं रोज सकाळी मशीन सुरू करावं. दोन्ही करून ठेवलेलं बरं.

बायोस उघडलंच आहे तर तिथलं घड्याळ पाहा. सेकंडहँड मशीनमधली सीआर२०३२ बॅटरी संपलेली असली की यूपीएस पूर्ण उतरल्यावर तारीख मागे जाते, आणि बायोसच्या सेटिंग जातात त्या वेगळ्याच. तारीख चुकली की सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात. छोटीशी बॅटरी आहे, तपासत बसण्यापेक्षा बदलून टाकावी. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर तर स्वतःचं घड्याळच नाही. त्यावर डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही) तपासणारा पाय-होल असेल तर वेळेसाठी डीएनएस हवं आणि डीएनएससाठी वेळ हवी, असा गुंता होतो. वेळेच्या सर्व्हरचं नाव न देता आयपी पत्ता दिला की तो सुटतो.

एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) डिस्क यूयूआयडीनं, म्हणजे तिच्या कायमच्या ओळखक्रमांकानं, लिहिलेली हवी आणि पुढे ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी थांबू नको) हवं, नाहीतर एक बाहेरची डिस्क दिसली नाही म्हणून मशीन सुरू होता होता कीबोर्डची वाट बघत थांबेल. पण मग उलटा धोका येतो: डिस्क जोडली गेली नाही, तरी डॉकर रिकाम्या फोल्डरवर खुशाल लिहीत सुटतो. म्हणून डिस्क आल्याशिवाय डॉकर सुरू होऊ नये अशी अट सिस्टमडीत (सेवा सुरू-बंद करणारा लिनक्सचा भाग) घालावी, आणि ते रिकामं फोल्डर बदलता न येणारं करून ठेवावं.

नेटवर्कचं थोडक्यात. फायबरमधून वीज वाहत नाही, पण काही केबलींना आधारासाठी पोलादी तार असते; ती घरात येण्याआधीच तोडलेली असावी. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची तांब्याची लॅन केबल हा त्याहून मोठा धोका. ढग भरून आले की ती काढावी. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते, आणि बाहेरून थेट आत येता येणार नाही; वायरगार्ड (व्हीपीएनचा खासगी बोगदा) आतून बाहेर जोडणारा हवा. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टनं जून २०२५ पासून त्यांची मुदत संपण्याच्या सूचना पाठवणं थांबवलं आहे, तेव्हा नूतनीकरण तुमचं तुम्ही तपासा.

मोठे अपडेट आत्ताच करून घ्या. नेक्स्टक्लाउडची मुख्य आवृत्ती एकेक पायरीनंच चढवता येते, मधली गाळता येत नाही. मागे पडला असाल तर एक अख्खा रविवार ठेवा. कोकणात असाल तर मशीन जमिनीपासून वर, खिडकीपासून लांब. चालू मशीन स्वतःच्या उबेनं कोरडं राहतं. ओल धरते ती कपाटातली राखीव डिस्क, तिला सिलिका जेलसकट बंद डब्यात घाला.

घरच्यांसाठी प्लगवर मराठीत चिठ्ठ्या लावा. सर्व्हर बंद पडला की पाय-होलही जातो आणि आईला वाटतं नेट गेलं. राउटरचं डीएनएस तात्पुरतं कसं बदलायचं हे चार ओळींत लिहून राउटरखालीच ठेवा. वीजजोडणीला तुमचा मोबाइल क्रमांक जोडलेला असेल तर महावितरणचे नियोजित भारनियमनाचे व दुरुस्तीचे संदेशही येतात.

मग रंगीत तालीम. आधी यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून सगळं नीट बंद होतंय का, परत लावून उठतंय का बघा. जे उठलं नाही ते दुरुस्त करा. त्यानंतर तुम्ही घराबाहेर असताना घरातल्या कुणाला तरी मेन स्विच अर्धा तास बंद ठेवायला सांगा, आणि तो परत चालू झाल्यावर मोबाइल डेटावरून फोटो उघडून पाहा.