सोलापुरातल्या गच्चीवर विमानांचा रिसीव्हर कसा बसवावा

मुंबईहून हैदराबादला जाणारी विमाने साधारण बार्शी-तुळजापूरच्या आकाशातून जातात. दिल्ली-बेंगळुरूची बरीच वाहतूक पूर्वेला बिदरच्या बाजूने जाते. यातली बहुतेक विमाने १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःचा ठावठिकाणा सेकंदाला साधारण दोनदा सांगत असतात. जागा, उंची, वेग आणि स्वतःचा २४ बिटांचा ओळख क्रमांक असा तो संदेश असतो. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. संदेश उघडा असतो, म्हणून साधा रिसीव्हर असलेल्या कोणालाही तो ऐकता येतो. फ्लाइटरडार२४, फ्लाइटअवेअर किंवा ओपनस्काय नेटवर्कच्या नकाशावर सरकणारी बरीचशी विमाने अशाच हजारो घरांतून आलेल्या माहितीवर दिसतात.

पुण्या-हैदराबादेत रिसीव्हर असताना सोलापुरात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. या लहरी सरळ रेषेत जातात. अकरा हजार मीटरवरचे विमान दहा मीटर उंच अँटेनेला तत्त्वतः ४४० किलोमीटरवरूनही ऐकू येते. पण पुणे इथून सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर आहे. सोलापूरवरचे विमान तीन हजार मीटरच्या खाली आले की पुण्यातल्या गच्चीवरून ते क्षितिजाआड जाते, आणि हैदराबाद तर त्याहून लांब. जून २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला विमान जाऊ लागले आहे. त्याचे उतरणे आणि उडणे पकडायचे तर रिसीव्हर इथेच हवा.

काय काय लागते

संगणक म्हणून रास्पबेरी पाय ३ किंवा ४ पुरेसा आहे. हा एका छोट्या पाटीवरचा संगणक, पुढे त्याला नुसते पाय म्हटले आहे. पाय ५ वर जादा पैसे घालण्याची गरज नाही. सोबत ३२ जीबीचे चांगल्या कंपनीचे मायक्रोएसडी कार्ड घ्या. पॉवर सप्लाय पायसाठीचाच घ्या, ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा. हातात असलेला मोबाइल चार्जर आणि बारीक वायर वापरल्याने बंद पडलेली स्टेशने सगळ्यात जास्त. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेले की पाय इशारा देतो, रिसीव्हरकडून यूएसबीवरून येणारी माहिती मध्येच गळते, संदेश कमी होतात आणि दोष मात्र अँटेनेला दिला जातो.

रिसीव्हर म्हणजे आरटीएल-एसडीआर जातीचा यूएसबी डोंगल, संगणकाला लावायचा छोटा रेडिओ. फ्लाइटअवेअरचा निळा प्रो स्टिक प्लस घेतला तर त्यात अँप्लिफायर आणि १०९० चा फिल्टर दोन्ही आत असतात. नारिंगी प्रो स्टिकमध्ये फिल्टर नसतो. शहरात निळाच घ्या. मोबाइल टॉवर ८०० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जोरात बोलत असतात आणि जुळे सोलापूर काय, सात रस्ता काय, टॉवर नजरेच्या टप्प्यात असतोच. फिल्टर नसलेला डोंगल त्या आवाजाने बधिर होतो. ९७८ मेगाहर्ट्झचा म्हणून विकला जाणारा फिल्टर चुकूनही घेऊ नका. ती पद्धत अमेरिकेतली आहे, इथे तिच्यावर काही ऐकू येणार नाही.

सगळे मिळून पाच वॅटच्या आसपास वीज लागते, म्हणजे महिन्याला साधारण चार युनिट.

आधी खिडकीत चाचणी

गच्चीवर चढण्याआधी घरातच सगळे चालवून बघा. एडीएसबी डॉट आयएम ही तयार इमेज, म्हणजे पायसाठी सगळे प्रोग्राम आधीच घातलेली फाइल, संगणकावर उतरवा आणि रास्पबेरी पाय इमेजरने कार्डावर लिहा. कार्ड पायमध्ये घाला, डोंगल लावा, नेटवर्कची केबल राउटरला जोडा आणि वीज द्या. पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटे लागतात, मध्येच बंद करू नका. राउटरच्या पानावर पायचा आयपी पत्ता सापडेल. तो ब्राउझरमध्ये टाकला की पुढचे सगळे तिथेच भरता येते, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. फक्त फ्लाइटअवेअरलाच माहिती द्यायची असेल तर त्यांची पायअवेअर इमेजही तितकीच सोपी आहे.

डोंगलबरोबर चुंबकाच्या बुडाची छोटी अँटेना आली असेल तर तिची दांडी ६९ मिलिमीटर करा. १०९० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी २७.५ सेंटिमीटर असते, त्याचा हा पाव हिस्सा. अँटेना लोखंडी तव्यावर उभी करून खिडकीत ठेवा. तवा इथे अँटेनेखालच्या जमिनीचे (ग्राउंड प्लेनचे) काम करतो. स्टीलच्या ताटाला चुंबक बहुधा धरत नाही. एवढ्यावरही त्या दिशेची काही विमाने नकाशावर दिसली पाहिजेत. एकही दिसले नाही तर डोंगल, सप्लाय किंवा कार्ड यांत गडबड आहे. ती घरातच शोधा.

अँटेना आणि केबल

पैसा घालायचा तो इथे. तयार फायबरग्लासची १०९० ची अँटेना उत्तम, पण घरी केलेलीही छान चालते. चार भोकांचे एसओ-२३९ सॉकेट घ्या. मधल्या पिनेला एकेरी जाड तांब्याची तार डाग देऊन उभी करा आणि पांढऱ्या इन्सुलेशनच्या वर ६८ मिलिमीटर राहील अशी कापा. चार कोपऱ्यांच्या भोकांत तारेचे ७० मिलिमीटरचे चार फाटे बसवून ४५ अंशांत खाली वाकवा. वाकवलेच पाहिजेत. आडवे ठेवले तर अँटेनेचा रोध डोंगलला हव्या असलेल्या ५० ओहमपेक्षा बराच खाली येतो. वरून प्लॅस्टिक पाइपचे टोपण घालायचे तर ते तारेला टेकू देऊ नका.

केबलचा हिशोब बहुतेक जण करतच नाहीत. बाजारात सहज मिळणारी बारीक आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीवर मीटरला सुमारे ०.६ डेसिबल खाते. दहा मीटरमध्ये सहा डेसिबल गेले, म्हणजे पोहोचला तो सिग्नलचा फक्त पाव भाग. डिश टीव्हीची आरजी-६ केबल तेवढ्याच लांबीत दोन डेसिबलच्या आसपास खाते. ती ७५ ओहमची आहे म्हणून घाबरू नका, त्या फरकाने होणारा तोटा नगण्य असतो. डिश बसवणारा माणूस टोकाला एफ कनेक्टर नीट दाबून देईल, डोंगलपाशी एफ ते एसएमए अडॅप्टर लावा. जुनीच केबल वापरत असाल तर वाटेत डिशचा स्प्लिटर राहिलेला नाही ना, हे हाताने चाचपून पाहा. केबल पंधरा मीटरच्या पुढे जात असेल तर अँप्लिफायर अँटेनेपाशी लावावा, डोंगलपाशी नाही. केबलमध्ये हरवलेला सिग्नल खाली आल्यावर वाढवून परत मिळत नाही.

अँटेना पाण्याच्या टाकीच्या वर जाईल एवढा पाइप घ्या. भरलेली टाकी म्हणजे या लहरींपुढे भिंतच, आणि ओल्या पानांचा कडुलिंबही तसाच. पत्र्याच्या घरात आत ठेवलेली अँटेना जवळपास निरुपयोगी, पण पत्र्याच्या दीड-दोन मीटर वर काढली की तीच उत्तम चालते. माळवदावर पाइप थेट मातीत रोवू नका, पावसाळ्यात तिथून गळते. कठड्याला किंवा भिंतीला क्लँप करा. महावितरणच्या तारेपासून पाइपच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवा, म्हणजे पाइप पडला तरी तारेला लागणार नाही. या नियमाला अपवाद नाही.

पाय मात्र गच्चीवर ठेवू नका. मे महिन्यात स्लॅबवरच्या बंद डब्यात तो ८० अंशांना पोहोचतो आणि स्वतःचा वेग कमी करतो, कार्डेही उन्हात लवकर जातात. जिन्याच्या खोलीत, सावलीत आणि हवेशीर जागी ठेवा. केबल आत येण्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. बाहेरच्या प्रत्येक जोडावर स्वतःतच मिसळून जाणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. साधी काळी इन्सुलेशन टेप सोलापूरच्या उन्हात एका उन्हाळ्यात सुटते.

पाइपचे अर्थिंग जाड तांब्याच्या तारेने घराच्या अर्थिंगला जोडा आणि केबल आत येते तिथे सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारा भाग, लावा. वीज थेट पडली तर यातले काहीच वाचवत नाही. म्हणून वळवाचे ढग लांब दिसत असतानाच डोंगलची केबल काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नका.

जागा अचूक भरा

सेटिंगमध्ये अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत आणि अँटेनेची समुद्रसपाटीपासूनची उंची भरायची असते. सोलापूर १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व एवढे लिहून चालत नाही, त्यात किलोमीटरभराचा फरक पडू शकतो. मोबाइलच्या नकाशावर स्वतःच्या गच्चीवर बोट दाबून आकडे घ्या. शहराची उंची साधारण ४५० मीटर, त्यात इमारत आणि पाइप मिळवा. रकाना फुटांचा आहे की मीटरचा, ते नीट वाचा. एवढी काटेकोरी कशासाठी? काही विमाने आपली जागा सांगत नाहीत, फक्त ओळख आणि उंची सांगतात. त्यांचा एकच संदेश चार किंवा अधिक रिसीव्हरना किती फरकाने पोहोचला त्यावरून सर्व्हर जागा काढतो. याला एमलॅट म्हणतात. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणून तुमची जागा चुकली की सगळ्यांचा हिशोब बिघडतो. सार्वजनिक नकाशावर घर नेमके दिसू नये असे वाटत असेल तर बऱ्याच नेटवर्कांवर जागा ढोबळ दाखवण्याची सोय असते. तीच निवडा, खोटे आकडे भरू नका.

माहिती कोणाला द्यायची

एकच रिसीव्हर एकाच वेळी अनेक नेटवर्कांना माहिती देऊ शकतो. फ्लाइटरडार२४ आणि फ्लाइटअवेअर या व्यावसायिक सेवा आहेत, बदल्यात त्या आपले महागडे खाते मोफत देतात. ओपनस्काय संशोधकांसाठी आहे. एडीएस-बी एक्सचेंज जानेवारी २०२३ मध्ये एका कंपनीने विकत घेतले, त्यानंतर एडीएसबी डॉट लोल, एअरप्लेन्स डॉट लाइव्ह अशी खुली नेटवर्के पुढे आली. आमचे मत असे की खात्यासाठी कोणालाही द्या, पण निदान एका खुल्या नेटवर्कलाही द्याच.

डोंगल एका वेळी एकाच प्रोग्रामला वापरता येतो. नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या नेटवर्कचा प्रोग्राम वेगळा बसवणे आणि त्याला थेट डोंगल वापरायला सांगणे. मग दोघे भांडतात आणि एक बंद पडतो. डीकोडर, म्हणजे डोंगलकडून संदेश घेऊन उलगडणारा प्रोग्राम, एकच ठेवा, बाकीच्यांना त्याच्या ३०००५ क्रमांकाच्या पोर्टवरून माहिती घेऊ द्या. तयार इमेज हे आपोआप करते. प्रत्येक नेटवर्क एक शेअरिंग की देते, ती वहीत लिहून ठेवा. कार्ड गेल्यावर तीच पुन्हा भरली की स्टेशनचा जुना इतिहास तुटत नाही. कार्डे जाण्याचे मोठे कारण अचानक जाणारी वीज. राउटरसाठी मिळतो तसा छोटा डीसी यूपीएस राउटरला लावा आणि पायला त्याचा स्वतंत्र, ५ व्होल्टचा लावा.

एक दिवस चालल्यावर

नकाशावर पल्ल्याची रेषा दाखवण्याची सोय असते. चोवीस तासांनी तिचा आकार पाहा. सगळीकडे तीनशे-साडेतीनशे किलोमीटर आणि एका बाजूला खोल खाच असेल, तर त्या दिशेला टाकी, शेजारची इमारत किंवा झाड आहे. सगळीकडूनच पल्ला शंभरच्या आत असेल तर आधी कनेक्टर तपासा. एफ कनेक्टरमध्ये जाळीची एक तार मधल्या तारेला टेकली तरी असे होते. लांबची विमाने दिसतात पण होटगी रोडला उतरणारे विमान जवळ आल्यावर गायब होते, याचा अर्थ गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतो ते, जास्त आहे. तो स्वयंचलित ठेवा, किंवा ४९.६ पासून एकेक पायरी खाली आणत पाहा. गेन कमी केल्यावर संदेश वाढले तर आधी डोंगल ओव्हरलोड होत होता. पहिल्या पावसानंतर पल्ला घसरला आणि चार दिवस ऊन पडूनही परत आला नाही, तर केबलमध्ये पाणी गेले आहे. ती वाळवण्यात वेळ घालवू नका, बदला.

एमलॅटसाठी रिसीव्हर एकमेकांपासून लांब असावे लागतात. शिवाय खालून उडणारे विमान जवळच्याच रिसीव्हरला ऐकू येते. बारामतीचे उदाहरण घ्या, तिथे वैमानिक प्रशिक्षण चालते. तिथे जमिनीपासून हजार मीटरवर फिरणारे विमान सोलापुरातून क्षितिजाच्या अगदी काठावर येते, कारण अंतर दीडशे किलोमीटर आहे. अकलूजहून ते साठच्या आत आहे, पंढरपूरहून शंभराच्या आत. म्हणून हाताशी दुसरा डोंगल असेल तर तो सोलापुरातच दुसऱ्या गच्चीवर लावू नका. अकलूजला मामा किंवा पंढरपूरला आत्या असेल तर त्यांच्या घरी लावा, आणि रात्री झोपताना ते राउटर बंद करतात का, एवढे आधी विचारून घ्या.