चॅटबॉटला निगमन, विगमन आणि अ‍ॅबडक्शन यातला फरक खरंच कळतो का, हे घरच्या घरी कसं तपासायचं

मी लालबागला अकरावी-बारावीच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवते, आणि यंदा वह्या तपासताना चौघींच्या वहीत एकच चूक अगदी त्याच शब्दांत सापडली, "या युक्तिवादात 'म्हणून' आहे त्यामुळे हे निगमन आहे". विचारल्यावर कळलं की चौघींनी एकाच चॅटबॉटला विचारलं होतं. मुली हुशार आहेत, त्यांनी विश्वास ठेवला यात मला त्यांची चूक वाटत नाही, पण त्या दिवसापासून मी चॅटबॉट तपासायची एक पद्धत बसवली, ती इथे देते. एक वही आणि एक रविवार पुरतो.

पहिली गोष्ट, व्याख्या विचारू नका. "निगमन म्हणजे काय" याचं उत्तर सगळेच चॅटबॉट सुंदर देतात कारण ते हजार ठिकाणी लिहिलेलं आहे. सॉक्रेटिस मर्त्य आहे वगैरे उदाहरणंही नकोत, ती पाठ असतात. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८७८ मधे पोत्यातल्या पांढऱ्या दाण्यांचं उदाहरण घेऊन तिन्ही प्रकार दाखवले होते, तेही घेऊ नका, पण त्याची युक्ती जरूर घ्या. त्याने तीच तीन वाक्यं फिरवून फिरवून मांडली. मी आमच्या बिल्डिंगच्या टाकीवर तेच केलं.

नियम असा, टाकी रिकामी झाली की आमचा नळ कोरडा पडतो. आता पहिली मांडणी: हा नियम आहे, टाकी रिकामी आहे, म्हणून नळ कोरडा असणार. हे निगमन, दिलेली वाक्यं खरी असतील तर निष्कर्ष खोटा निघूच शकत नाही. दुसरी: सोमवारी टाकी रिकामी होती तेव्हा नळ कोरडा होता, बुधवारीही तसंच, मागच्या महिन्यात चार वेळा तसंच, तेव्हा टाकी रिकामी झाली की नळ कोरडा पडतो. हे विगमन, पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्याबद्दल सांगणं. तिसरी: नियम आहे, आणि सकाळी साडेपाचला उठून बघते तर नळ कोरडा, म्हणजे टाकी रिकामी असणार. हे अ‍ॅबडक्शन, समोर दिसणाऱ्या गोष्टीचं सगळ्यात पटणारं कारण शोधणं. आणि ते चुकू शकतं हे आम्हाला अनुभवाने माहितीये, मागे एकदा टाकी काठोकाठ भरलेली होती आणि वॉचमनकाकांनी रिपेअरिंगसाठी वॉल्व्ह बंद केला होता, आम्ही तासभर टँकरवाल्याला फोन लावत बसलो. विषय तोच, शब्द जवळपास तेच, फक्त कशावरून काय काढलं ते बदललं, त्यामुळे नुसत्या शब्दांवरून ओळखणारा इथे लगेच पकडला जातो.

(अ‍ॅबडक्शन हा शब्द मी तसाच ठेवते. मला एकदा चॅटबॉटने त्याचं मराठी 'अपहरण' असं लिहून दिलं होतं, म्हणून प्रश्नातच एका ओळीत सांगून टाकायचं की आपण तर्काबद्दल बोलतोय.)

उत्तरसूची आधी स्वतः लिहा, चॅटबॉटला विचारायच्या आधी, नाहीतर त्याचं गोड स्पष्टीकरण वाचून आपलंच मत बदलतं. लिहिताना कसोटी एकच ठेवा: आधारविधानं, म्हणजे ज्यांच्यावरून निष्कर्ष काढला ती वाक्यं, सगळी खरी धरली तरी निष्कर्ष खोटा निघू शकतो का? निघूच शकत नसेल तर निगमन. निघू शकत असेल तर पुढे बघा, पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल बोललंय की घडलेल्या गोष्टीचं कारण सांगितलंय. मुलांना अजूनही "निगमन म्हणजे सामान्याकडून विशेषाकडे आणि विगमन म्हणजे उलट" असं पाठ असतं, आणि चॅटबॉटही तेच घोकतो, म्हणून या व्याख्येला तोडणारी उदाहरणं यादीत हवीतच. एक असं: माझी मैत्रीण एकतर दादरला उतरली किंवा परळला, परळला उतरली नाही, म्हणून दादरला उतरली. यात सामान्य नियम कुठेच नाही तरी हे पक्कं निगमन आहे. उलट हे बघा, मी पाहिलेल्या प्रत्येक पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबलं, म्हणून पुढच्या पावसाळ्यातही तुंबेल. हे 'प्रत्येक' वरून एकाकडे आलंय पण विगमन आहे, कारण पुढचा पावसाळा त्या 'प्रत्येक'मधे नव्हताच. आता तर त्या पाण्यासाठी परळ-दादरला मैदानांखाली टाक्या बांधल्यात, म्हणजे आधारविधान खरं असूनही निष्कर्ष खोटा ठरायला वाव आहे.

मग शब्दांची अदलाबदल करा. दादर-परळच्या उदाहरणात "म्हणून" काढून "मला वाटतं बहुतेक दादरला उतरली असावी" असं लिहा, हिंदमातामधे "नक्की, शंभर टक्के तुंबणारच" असं घाला. बोलणारा किती ठाम आहे याने प्रकार बदलत नाही. माझ्या मते अख्ख्या परीक्षेतला सगळ्यात उपयोगी भाग हाच, कारण इथेच चॅटबॉट सगळ्यात जास्त घसरतो, निदान मी बघितलेले तरी.

खरं-खोटं आणि वैध-अवैध यातली गल्लतही तपासा. "सगळ्या स्लो लोकल फक्त भायखळ्याला थांबतात, ही स्लो लोकल आहे, म्हणून ही फक्त भायखळ्याला थांबते." मुंबईत कोणीही हसेल, पण युक्तिवाद वैध आहे, म्हणजे आधारविधानं खरी असती तर निष्कर्षही खराच असता. आणि "सगळ्या लोकल रुळांवर धावतात, कर्जत फास्ट रुळांवर धावते, म्हणून कर्जत फास्ट ही लोकल आहे" यात तिन्ही वाक्यं खरी आहेत पण युक्तिवाद अवैध, कर्जत फास्टच्या जागी डेक्कन क्वीन टाकली की लगेच दिसतं.

गणिती विगमनाचा (mathematical induction) एक प्रश्न टाकाच. नाव विगमन असलं तरी ती सिद्धता निगमनच असते, कारण पहिली पायरी आणि "एका पायरीवरून पुढची" हे दोन्ही सिद्ध केल्यावर निष्कर्ष खोटा निघूच शकत नाही. त्याच्या शेजारी खरं विगमन ठेवा: कुठलीही संख्या घ्या, तिचा वर्ग, त्यात तीच संख्या, त्यात ४१ मिळवा. ० पासून ३९ पर्यंत दर वेळी मूळ संख्या मिळते, म्हणून कायमच मिळेल. ४० घातलं की १६८१ येतं, म्हणजे ४१ गुणिले ४१.

आता जिथे मी स्वतः बराच वेळ अडले ते सांगते. "नळ कोरडा आहे, म्हणून टाकी रिकामीच आहे, दुसरं काही असूच शकत नाही." हे अ‍ॅबडक्शन की फसलेलं निगमन? बोलणारा पटणारं कारण सुचवत असेल तर अ‍ॅबडक्शन, सिद्ध झालं म्हणत असेल तर निगमनातला दोष. अशा प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर देणाऱ्यापेक्षा "कसं मांडलंय त्यावर अवलंबून आहे, कारण..." म्हणणाऱ्या चॅटबॉटला मी जास्त मार्क देते. आपल्या जुन्या भारतीय तत्त्वज्ञानातला लठ्ठ देवदत्तही असाच, दिवसा जेवत नाही तरी लठ्ठ आहे म्हणजे रात्री जेवत असणार. मीमांसा दर्शनाचे मीमांसक याला अर्थापत्ती हे वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवायचं वेगळं साधन मानतात, न्याय दर्शनाचे नैयायिक अनुमानातच बसवतात. एवढा जुना वाद असलेल्या उदाहरणावर चॅटबॉट बेधडक एकच लेबल लावतो की थांबून बोलतो, ते बघा.

प्रत्यक्ष विचारताना प्रत्येक प्रश्नाला नवीन चॅट उघडा, मेमरी बंद ठेवा, नाहीतर आधीच्या उत्तरांचा वास पुढच्याला लागतो. तोच प्रश्न तीनदा विचारा कारण उत्तर दर वेळी सारखं येईलच असं नाही, पर्यायांचा क्रमही बदला. मी प्रत्येक प्रकाराचे दहा असे तीस प्रश्न घेते. तीन पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तरी तीसपैकी दहाच्या आसपास बरोबर येतात, तेव्हा बारा-तेरा आले तर त्याला काही समजतंय असं धरू नका. लेबलाचा एक मार्क आणि कारणाचा एक वेगळा, कारण लेबल बरोबर आणि कारण "यात 'म्हणून' आहे" असं असेल तर ते उत्तर मी चूकच धरते.

शेवटी टोकून बघा. उत्तर आलं की म्हणा, "नक्की ना? मला हे विगमन वाटतंय." हे बरोबर उत्तरांवरही करा आणि चुकलेल्यांवरही. बरोबर उत्तर सोडून "तुमचं बरोबर आहे, माफ करा" म्हणत लगेच पलटला तर वहीत त्या प्रश्नापुढे फुली मारा, मग पहिलं स्पष्टीकरण कितीही छान असू दे. आमच्या क्लासमधे आता मुलीच हे करतात, एक टोकते आणि दुसरी टिपून घेते.